घरात आणि घरांत

‘घरांत’ हा शब्द बरोबर की चूक, असं बाबांना विचारलं तर ते उत्तर देत नाहीत. आधी वाक्य मागतात. ‘चोर घरांत शिरला’ असेल तर टिंब उडवायचं. ‘पुराचं पाणी काठावरच्या घरांत शिरलं’ असेल तर त्याच टिंबाला हात लावायचा नाही. तोच शब्द, तेच टिंब. पण एकीकडे ते जुन्या शुद्धलेखनाचं उरलेलं शेपूट असतं, आणि दुसरीकडे घरं एकाहून जास्त आहेत हे सांगणारी एकुलती एक खूण.

बाबा मुद्रितशोधक होते. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम सरकारने मान्य केले आणि ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार गेले. नांवचं नाव झालं, पांचचं पाच. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऐन विशीत, बाबा पुण्यातल्या एका छापखान्यात लागले. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघत आणि त्या नव्या नियमांत बसवायचं काम सगळ्यात पोरसवदा मुद्रितशोधकाच्या गळ्यात पडे. जुनी प्रत समोर, हातात लाल शाईचं पेन आणि पानापानावर टिंबांचा सडा. ‘नांव, पांच हे झोपेतसुद्धा होतं,’ ते सांगतात. वेळ खायचे ते घरांत, हातांत, त्यांत. तिथे पेन थांबवून अख्खं वाक्य वाचावं लागे, कधी मागचं वाक्यही. (या लेखातल्या ‘असं-तसं’वरची टिंबं आणखी तिसऱ्याच जातीची. ती उडवली तर ‘अस’ आणि ‘तस’ उरेल. बोलीतलं हे लिहिणं बाबांना फारसं रुचत नाही, पण तो वाद घरातल्या घरात ठेवूया.)

हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले. नीट कळलं ते 2019च्या पावसाळ्यात, सी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका टायमरमुळे.

आमची कंपनी कारखान्यांत बसवायच्या छोट्या पेट्या बनवायची. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्यावर आमचे स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 4.9 या आवृत्तीवर सगळं सुखाने चाललं होतं. मग वरून हुकूम आला, 4.19 वर जायचं. बिल्ड लावला, म्हणजे सगळा कोड यंत्राला चालवता येईल असा बांधायला घेतला, आणि पडद्यावर लाल ओळींचा धबधबा. त्यातल्या निम्म्याअधिक एकाच फंक्शनच्या नावाने शंख करत होत्या: सेटअप_टायमर. ते फंक्शन 4.15 मध्येच काढून टाकलं होतं.

टायमर म्हणजे कर्नेलला सांगून ठेवलेला निरोप: इतक्या मिलिसेकंदांनी हे फंक्शन बोलाव. जुन्या पद्धतीत फंक्शनच्या नावासोबत एक आकडाही देऊन ठेवायचा, ‘डेटा’ नावाच्या खणात. बहुतेक जण त्या आकड्यात आपल्या स्ट्रक्चरचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचा, मेमरीतला पत्ता कोंबत, आणि वेळ झाली की फंक्शन तो आकडा घेऊन त्याचा पुन्हा पत्ता करी. चालायचं, पण त्यात एक धोका होता. बोलवायचं फंक्शन आणि त्याला द्यायचा आकडा मेमरीत शेजारी शेजारी बसत. शेजारच्या बफरमधून, म्हणजे माहितीसाठी राखलेल्या जागेतून, कोणी उतू जाऊन तिथवर पोचला, तर कुठलं फंक्शन बोलवायचं आणि त्याला काय द्यायचं, हे दोन्ही त्याच्याच हातात. कर्नेलच्या सुरक्षेवर काम करणारे कीस कुक यांनी 2017 मध्ये ही रचनाच मोडीत काढायचं काम तडीला नेलं. नव्या टायमर_सेटअपमध्ये आकडा नाही. फंक्शनला टायमरचाच पत्ता मिळतो आणि त्यावरून तो टायमर ज्या स्ट्रक्चरच्या पोटात आहे तिथपर्यंत मागे जायचं. खिशाला हात लागला की शर्ट कुठे आहे हे कळतंच, कारण खिसा शिवलेला कुठे आहे ते ठाऊक असतं. तसं.

आता माझी करामत ऐका. मी सेड चालवला. सेड म्हणजे ओळीत अमुक दिसलं की तमुक घाल. नाव बदललं, तिसऱ्या जागी शून्य घातलं. मग कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, कुरकुरायला लागला की तुमचं फंक्शन आकडा घेतंय आणि इथे तर टायमरचा पत्ता येणार आहे. संध्याकाळचे सात वाजले होते, बाहेर पाऊस, हिंजवडीहून निघायचं होतं. मी सगळीकडे एक कास्ट (‘याला त्या प्रकारचं समज’ अशी सक्ती) घालून कंपायलरचं तोंड बंद केलं. बिल्ड झाला. पेटी सुरू झाली. टेबलावरची चाचणीही पार पडली. मी घरी गेले.

चार दिवसांनी चाचणी विभागातून पेटी परत आली: अधूनमधून आपोआप रीसेट होते. आणि सगळ्या नाही, काहीच. या ‘काहीच’ने माझे दोन दिवस खाल्ले. कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. तीन ड्रायव्हरांमध्ये टायमर हा स्ट्रक्चरचा पहिलाच घटक होता. पहिला घटक आणि स्ट्रक्चर यांचा पत्ता एकच असतो. म्हणजे माझा कोड तिथे चुकीच्या कारणाने बरोबर चालत होता, आणि टेबलावर मी तपासले ते नेमके हेच तीन. बाकीच्यांत टायमर चौथा नाहीतर सातवा. तिथे फंक्शन खिशालाच शर्ट समजून बाह्या शोधत होतं.

आमच्याकडे एक वरिष्ठ होते, कमी बोलणारे. माझा डिफ, म्हणजे काय बदललं त्याची यादी, वर-खाली फिरवून ते म्हणाले, ‘तुम्ही अक्षरं बदललीत. कोक्सिनेल वापरा.’

कोक्सिनेल हा फ्रेंच शब्द, अर्थ लेडीबर्ड. आपल्याकडे शेतकरी तिला ढालकिडा म्हणतात, पिकावरचा मावा खाणारा, म्हणून मित्र. किडे खाणारा किडा. बग खाणाऱ्या प्रोग्रॅमला याहून चपखल नाव मिळालं नसतं. ज्युलिया लॉवल, झील म्युलर, योआन पादियोलो आणि रेने रिडहोफ हान्सेन हे फ्रान्स आणि डेन्मार्कमधले संशोधक. लिनक्सच्या ड्रायव्हरांमध्ये एका ठिकाणच्या बदलापायी शंभर ठिकाणी करावे लागणारे बदल, यावर त्यांच्यापैकी तिघांनी 2006 मध्ये अभ्यास मांडला. त्यांचा शब्द ‘कोलॅटरल इव्होल्यूशन’, मी त्याला ओघाने येणारे बदल म्हणते. 2008 पासून त्यांचं हत्यार कर्नेलवाल्यांच्या हातात आलं. दहा वर्षांनी त्यांनीच हिशेब मांडला तेव्हा कर्नेलमध्ये कोक्सिनेलच्या मदतीने झालेले कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, 6000च्या वर गेले होते.

लिनक्सला याची एवढी गरज का? कर्नेलच्या आतल्या फंक्शनांबद्दल तिथे कसलंही वचन दिलेलं नाही. कर्नेल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी लिहिलेलं एक टिपण कर्नेलसोबतच येतं. त्याचं सांगणं असं की आतला इंटरफेस, म्हणजे फंक्शनं बोलवायची ठरलेली पद्धत, स्थिर नसतो, नसणार, आणि त्यातच तुमचं भलं आहे. जो इंटरफेस बदलेल त्याने कर्नेलमधल्या सगळ्या वापरणाऱ्यांचा कोडही स्वतःच बदलायचा. झाडावरच्या पानांची काळजी झाड घेतं. आमचे ड्रायव्हर कर्नेलच्या झाडावर नव्हते, कधी द्यायचा प्रयत्नही कंपनीने केला नव्हता, म्हणून आमचं आम्ही निस्तरायचं. तेव्हा मला याचा राग यायचा. आता वाटतं, दहा वर्षं फुकट सावली खाऊन वर कुरकुर कसली?

तर कोक्सिनेल. त्याची भाषा पहिल्यांदा पाहिली तेव्हा पहिला विचार आला, अरे, हा तर पॅचच आहे! पॅच म्हणजे पाठवायचा बदल: उणे चिन्हाची ओळ जाते, अधिक चिन्हाची येते, बिनचिन्हाची ओळख पटवायला. कर्नेलवाले दिवसभर हेच वाचतात, त्यामुळे त्यांना नवी लिपी शिकावी लागत नाही. त्या मंडळींनी ही एक गोष्ट इतकी शहाणपणाने केली की बाकी चुका माफ. एक लहानसा नियम देवनागरीत लिहून दाखवते (यंत्राला अर्थात रोमनच लागते):

@@
एक्स्प्रेशन प;
@@
- इफ (प != नल)
  फ्री(प);

फ्री म्हणजे घेतलेली मेमरी परत करणं, नल म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता. नल पत्ता फ्रीला दिला तर फ्री काहीच करत नाही, हे सीच्या प्रमाणातच लिहिलंय. म्हणजे आधीची तपासणी फुकटची. वरच्या दोन @@ खुणांमध्ये सांगितलंय की ‘प’ हे खरं नाव नाही, कुठलीही एक्स्प्रेशन चालेल, फक्त दोन्ही ठिकाणी तीच हवी. इथवर सेडलाही ओढूनताणून जमेल. पण कोणी ‘प != नल’ लिहितं, कोणी ‘नल != प’, कोणी नुसतंच ‘इफ (प)’. कोणी महिरपी कंस घालतं, कोणी ओळ मध्येच तोडतं. वरचा एकच नियम या सगळ्यांना लागू पडतो. ही रूपं एकाच अर्थाची आहेत हे हत्याराला आधीच शिकवलेलं आहे, एका वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल आपल्याला वाचताही येते.

मग येतात तीन टिंबं. हो, इथेही टिंबंच. नियमात दोन ओळींच्या मध्ये ‘...’ लिहिलं की त्याचा अर्थ ‘मधला कुठलाही मजकूर’ असा नाही. त्याचा अर्थ ‘प्रोग्रॅम चालताना इथून तिथे जायची वाट’. समजा, फंक्शनने सुरुवातीला कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारं) लावलं आणि शेवटी काढलं. कागदावर दोन्ही ओळी दिसतात, वाचणारा खूश. पण मध्ये चूक झाल्यावर बाहेर पडायला एक रिटर्न आहे आणि त्या वाटेवर कुलूप काढायचं राहिलंय. वरून खाली वाचणाऱ्याला हे सुटतं. कोक्सिनेल मात्र फंक्शनचा नकाशा काढतो आणि प्रत्येक गल्लीत शिरून येतो. कुलूप लावलं, मग वाट, वाटेत कुठेही कुलूप काढलेलं नाही, आणि रिटर्न: अशी गल्ली सापडली की बोट दाखवतो. आतमध्ये यासाठी टेम्पोरल लॉजिक वापरलंय, म्हणजे आधी काय, नंतर काय याचं तर्कशास्त्र. मी त्यावरच्या त्यांच्या लेखाची आठ पानं वाचून चहाला गेले आणि परतले नाही.

कर्नेलच्या इतिहासातला मला आवडणारा एक किस्सा 2008चा आहे. सीमध्ये ‘!क्ष & य’ असं लिहिलं तर उद्गारचिन्ह आधी क्षला चिकटतं. क्ष शून्य की नाही एवढंच उरतं, 1 किंवा 0, आणि मग & त्यात य हा बिट आहे का ते बघतं. य पहिलाच बिट नसेल तर उत्तर कायम शून्य. लिहिणाऱ्याच्या मनात असतं ‘!(क्ष & य)’. एका कमिटमध्ये कोणीतरी अशी एक चूक सुधारली होती. आपण काय करतो? वाचतो, हं म्हणतो, पुढे जातो. लॉवल यांनी त्या एका दुरुस्तीचा नियम केला, अख्ख्या कर्नेलवर सोडला, आणि ठिकठिकाणच्या ड्रायव्हरांमधून तीच चूक निघत गेली. पुढे असे नियम कर्नेलच्याच एका फोल्डरमध्ये जमा झाले. आता ‘मेक कॉक्सिचेक’ म्हटलं की कोणालाही ते आपल्या कोडवर चालवता येतात. (नावाचा उच्चार करताना आमच्या ऑफिसात दोन तट होते. मी दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आहेत.)

टायमरचा माझा नियम दोन भागांत झाला. पहिल्या भागाने सेटअप_टायमरची जागा शोधायची आणि तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या: स्ट्रक्चर कुठलं, त्यातल्या टायमरचं नाव काय, फंक्शन कुठलं. दुसऱ्या भागाने ते लक्षात ठेवलेलं घेऊन त्याच नावाच्या फंक्शनकडे जायचं, त्याच्या कंसातला आकडा काढून टायमरचा पत्ता घालायचा आणि आतली आकड्याचा पत्ता करणारी ओळ बदलायची. म्हणजे एका ठिकाणी वाचलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरायचं. आधी मागचं वाक्य बघ, मग टिंबाचं ठरव. लिहायला मला दीड दिवस लागला. त्यातला एक दिवस, खोटं कशाला सांगू, एका राहिलेल्या अर्धविरामापायी गेला, कारण कोक्सिनेलचे एरर संदेश ज्योतिषाच्या भाषेत असतात. चालला तेव्हा 37 फाइलींवरून एक मिनिटही न लागता फिरला. 31 बदलल्या.

बदललेल्या फाइली उघडून पाहिल्या तेव्हा कौतुक वाटलं. माझ्या आधी तो कोड लिहिणाऱ्यांच्या सगळ्या सवयी जशाच्या तशा होत्या. एकाची टॅबची आवड, दुसऱ्याच्या दोन-दोन मोकळ्या ओळी, तिसऱ्याने 2011 मध्ये लिहून ठेवलेली वैतागलेली कॉमेंट. मॅक्रो (लांब मजकुराची आखूड नावं) उलगडले नव्हते, इफडेफ (अट जुळली तरच घ्यायचे भाग) जागच्या जागी. कंपायलर या सगळ्याचा आधी चट्टामट्टा करतो आणि मग वाचतो. कोक्सिनेल पान आहे तसं वाचतो आणि लागतं तेवढंच खोडतो. छापखान्यात बाबांना हेच पहिल्या दिवशी बजावलं होतं म्हणे: समासात खूण कर, लेखकाचं वाक्य पुन्हा लिहू नकोस.

उरलेल्या सहांनी धडा शिकवला. त्यातल्या चारांत टायमर लावायचं काम एका घरगुती मॅक्रोच्या पोटात दडलं होतं, तिथे नियमाला काही दिसलंच नाही. उरलेल्या दोन फाइलींतली फंक्शनं कोक्सिनेलला मुळात वाचताच आली नव्हती. आणि वाचता आलं नाही की तो बोंब मारत नाही, ते फंक्शन सोडून पुढे जातो. म्हणजे ‘इथे काही सापडलं नाही’ आणि ‘इथलं मला कळलं नाही’ ही दोन्ही उत्तरं एकसारखीच गप्प असतात. किती वाचलं आणि किती सोडलं हे वेगळं विचारावं लागतं, ते सांगतो, पण आपण विचारलं तर. नवीन माणसाला मी आधी हे सांगते, नियम कसे लिहायचे ते नंतर.

नवीन माणसावरून आठवलं. आउटरीची नावाची एक इंटर्नशिप आहे, ज्यांना या क्षेत्रात सहज शिरकाव मिळत नाही अशांसाठी. तिथून कर्नेलमध्ये आलेल्या भारतीय मुली बऱ्याच आहेत, आणि लॉवल स्वतः तिथे मार्गदर्शक राहिल्या आहेत. त्यांपैकी अनेकींचे पहिलेवहिले पॅच अशाच एखाद्या नियमाच्या बोटाला धरून गेलेले असतात. काही जुने लोक याला ‘यंत्राने पाडलेले पॅच’ म्हणून नाक मुरडतात. मेंटेनरच्या, म्हणजे पॅच तपासून घेणाऱ्याच्या, टेबलावर एकाच साच्याचे ऐंशी पॅच पडले की त्यालाही वैताग येणारच, ते मला समजतं. पण एक नियम लिहायला आधी ती चूक इतकी समजावी लागते, की मला तर त्या मुलींचा हेवा वाटतो. माझा पहिला पॅच स्पेलिंगच्या चुकीचा होता.

तर डिफ तयार झाला. नऊशे ओळी. रविवारी सकाळी मी तो छापून घरी आणला, कारण पडद्यावर मला चुका दिसत नाहीत. हा दोष माझ्यात कुठून आला ते उघड आहे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. बाबा तेव्हा पंचाहत्तरीचे. आले, चष्मा लावला आणि न विचारता पहिलं पान उचललं.

‘हे उणे म्हणजे काढायचं?’

‘हो.’

‘आणि अधिक म्हणजे घालायचं. मग समासात का नाही?’

मी काहीतरी समजावलं. त्यांना सी येत नाही, इंग्रजी उत्तम येतं. ते एकेक ओळ बोटाने सरकवत वाचत गेले. मी पोहे केले, आम्ही ते खाल्ले, कागदांवर हळदीचा एक डाग पडला. अकराव्या की बाराव्या पानावर बोट थांबलं.

‘हा जो डेटा म्हणतेस, तो तू सगळीकडून काढलास ना?’

‘काढला.’

‘मग हे काय?’

फंक्शनच्या डोक्यावर कोणीतरी जुन्या काळी दोन ओळींची कॉमेंट लिहिली होती, अर्थ असा की डेटामध्ये आपल्या स्ट्रक्चरचा पत्ता येतो, तो उलगडून घ्यावा. खाली कोड नवा, अचूक, कंपायलरने मान्य केलेला. वर कॉमेंट जुनी. कोक्सिनेलने तिला हात लावला नव्हता, लावणारही नव्हता. तो कोड वाचतो, माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं नाही. मीसुद्धा ते पान आदल्या रात्री दोनदा वाचलं होतं. माझी नजर उणे-अधिकच्या ओळींवरून उड्या मारत गेली होती आणि बिनचिन्हाचं सगळं मी बरोबर धरून चालले होते.

‘अशी आणखी असतील,’ बाबा म्हणाले. आवाजात दया नव्हती.

मी लॅपटॉप उघडून ग्रेप मारला, म्हणजे सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. डेटा हा शब्द चारशे ठिकाणी होता. त्यातला टायमरचा कुठला, सेन्सरचा कुठला, नेटवर्कचा कुठला, हे शब्दावरून कळायला मार्ग नव्हता.

‘वाच,’ ते म्हणाले आणि कपाटातून लाल पेन घेऊन आले. ‘नुसता शब्द नको, अख्खं वाक्य वाच.’

दुपारी अडीचपर्यंत आम्ही चौदा कॉमेंटी सुधारल्या. पंधरावीवर आमचं अजून एकमत नाही.